गोरोबांचं थापटणं आणि ‘अस्सल’ माणसाची परीक्षा

पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: ‘या विषयात तुमचं स्वतःचं काय आहे?’ प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या मागण्या आहेत. एक, तुम्ही इतरांपेक्षा वेगळं काही आणलंय का? दोन, जे आणलंय ते खरंच तुमचं आहे का, की कुठून तरी उचललंय? पहिली मागणी वेगळेपणाची, दुसरी खरेपणाची. रोजच्या बोलण्यात या दोन्ही आपण एकत्र करून टाकतो. ‘तो अस्सल माणूस आहे’ म्हणतो तेव्हा तो चारचौघांसारखा नाही, असंही सुचवतो आणि तो ढोंगी नाही, असंही.

माणसांना या दोन गोष्टींचं एवढं मोल का वाटतं, यावर मानसशास्त्रात आणि तत्त्वज्ञानात भरपूर लिहिलं गेलंय. त्यातलं बरंचसं वाचताना आपल्याला वाटतं की हा सगळा तिकडचा प्रश्न आहे. म्हणून आज उलट्या बाजूने जाऊ या. आपल्या धाराशिव जिल्ह्यातली एक गोष्ट घेऊ, तिचं नीट वाचन करू आणि मग संशोधन तिच्याशेजारी ठेवून बघू. दोघांपैकी कोण कोणाला काय शिकवतं ते कळेल.

गोष्ट काय आहे

तेर. धाराशिवपासून फार लांब नाही. प्राचीन ‘तगर’ म्हणून ओळखलं जाणारं, रोमशी व्यापार असलेलं गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि भांडी ठेवली आहेत, ती बघून या. मातीकामाची एवढी जुनी परंपरा असलेल्या गावातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस कुंभारच असावा, हा योग छान आहे. ते म्हणजे संत गोरा कुंभार, आपले गोरोबा काका. परंपरा त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याची सुरुवात असा मानते.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. गोरोबांच्या घरी संतमंडळी जमली आहेत. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, नामदेव आणि इतर. मुक्ताईला कुंभाराचं थापटणं दिसतं. ती विचारते, काका, हे काय? गोरोबा सांगतात, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मुक्ताई म्हणते, मग आम्हीही मडकीच की, आमचीही परीक्षा करा. काका उठतात आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प बसून राहतात. नामदेवांची पाळी येते तेव्हा ते रागावतात, ही काय पद्धत म्हणतात. काका निकाल देतात: एवढं एकच मडकं कच्चं.

अपमानित झालेले नामदेव पंढरीला जाऊन विठ्ठलाकडे तक्रार करतात, तर विठ्ठलही गोरोबांचीच बाजू घेतो आणि गुरू करायला सांगतो. नामदेव विसोबा खेचरांकडे जातात. विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणतात, पाय काढा. विसोबा म्हणतात, जिथे देव नसेल तिथे तूच ठेव. जिथे पाय ठेवावेत तिथे पिंड. इथे नामदेवांचे डोळे उघडतात.

आता संशोधकाची पहिली सवय: हे कोणी, कधी लिहिलं? महिपतींच्या ‘भक्तविजया’त ही कथा सविस्तर येते आणि तो ग्रंथ १७६२चा आहे. म्हणजे प्रसंगानंतर साडेचारशे वर्षांहून जास्त काळ लोटलेला. नामदेवांच्या नावावरच्या गाथेतही या प्रसंगाचे अभंग आहेत, पण त्या गाथेत काय कोणाचं, हा स्वतंत्र वाद आहे. त्याकडे पुढे येतो. तेव्हा ‘असं घडलं का’ हा प्रश्न आपण बाजूला ठेवू. ‘एवढी शतकं लोकांना ही गोष्ट सांगावीशी का वाटली’ हा आपला प्रश्न. ऐतिहासिक पुरावा आणि सांस्कृतिक पुरावा यातला फरक इथेच पक्का करून ठेवा, पुढे प्रबंधात फार उपयोगी पडतो.

आजच्या वाचकाला नामदेवच खरे का वाटतात

आजच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली की निम्मे तरी नामदेवांच्या बाजूने जातात. त्यांचं म्हणणं: डोक्यात लाकूड मारलं तर दुखणार, राग येणार. नामदेवांनी तो दाखवला. बाकीचे आतून काय वाटतंय ते लपवून बसले. मग खरा कोण?

हे वाचन चुकीचं नाही, पण ते कुठल्या काळाचं आहे ते ओळखायला हवं. अमेरिकन समीक्षक लायोनेल ट्रिलिंग यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात दोन कल्पना वेगळ्या केल्या. एक प्रामाणिकपणा: आत जे आहे तेच बाहेर दाखवायचं, म्हणजे दुसऱ्याची फसवणूक होत नाही. दुसरी अस्सलपणा: स्वतःशी खरं राहायचं, मग त्यासाठी समाजाच्या रीतीभातीला धक्का बसला तरी चालेल. ट्रिलिंग यांच्या मांडणीत युरोपीय साहित्यात पहिल्या कल्पनेकडून दुसऱ्या कल्पनेकडे मोठा प्रवास झाला. आपण नामदेवांची बाजू घेतो तेव्हा या दुसऱ्या कल्पनेतून बोलत असतो. राग आला, तो दाखवला, म्हणून तो अस्सल.

गोष्ट मात्र तसं म्हणत नाही. तिच्या मते तो राग म्हणजे नामदेव नव्हे. तो नामदेवांवर चढलेला ‘मी’ आहे. देव माझ्याशी बोलतो, माझ्या हातून जेवतो, मग माझी परीक्षा घेणारा हा कोण, ही ती भावना. म्हणजे दोन्ही बाजू ‘आतलं खरं’ शोधतायत, पण आत काय आहे याबद्दलच त्यांचं एकमत नाही. आधुनिक वाचक म्हणतो, सगळ्यात आधी उसळून येतं ते खरं. गोष्ट म्हणते, उसळून येणारं विझल्यावर जे उरतं ते खरं.

कॅनडाचे तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर यांनी १९९१ मध्ये मांडलेला मुद्दा इथे कामाला येतो. टेलर अस्सलपणाच्या आदर्शाला मोडीत काढत नाहीत. ते एवढंच म्हणतात की ‘मी माझ्या मनाप्रमाणे निवडलं’ एवढ्याने कुठलीही निवड मोलाची ठरत नाही. काय महत्त्वाचं आणि काय नाही, याची एक सामायिक पार्श्वभूमी लागते, आणि ती आपल्याला इतरांशी बोलता-भांडताना मिळते. नामदेव पंढरीला एकटे जातात, पण त्यांची दुरुस्ती एकट्याने होत नाही. आधी गोरोबा, मग विठ्ठल, मग विसोबा. तीन संवाद लागतात.

थापटणं नक्की काय मोजतं

आता गोष्टीतल्या उपकरणाकडे बघू. लोक मोठमोठ्या अर्थांकडे धावतात आणि वस्तूकडे दुर्लक्ष करतात. थापटणं हे मुळात घडवायचं हत्यार आहे. चाकावरून उतरलेलं ओलसर भांडं आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून थापटण्याने ठोकायचं, म्हणजे भिंत पातळ आणि घट्ट होते. त्याच लाकडाने काका परीक्षाही घेतात. भाजलेलं मडकं खणखणीत वाजतं, कच्चं किंवा तडा गेलेलं बद्द वाजतं. उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना आपणही बोटाने वाजवून बघतोच की.

का वाजवतो? कारण आतलं दिसत नाही आणि चुकलो तर घरी आणल्यावर पाणी गळणार. माणसांच्या खरेपणाचं मोल वाटण्याचं एक सरळ कारण हेच आहे. आपण दुसऱ्यांवर विसंबून असतो: उधारी देतो, मुलगी देतो, मत देतो, मार्गदर्शक निवडतो. त्यांच्या पोटात काय आहे ते दिसत नाही, म्हणून आपण खुणा शोधतो. मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक यांनी २००९ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की शिकणारा माणूस नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवत नाही. बोलणाऱ्याने आपल्या श्रद्धेसाठी काही किंमत मोजली का, हे तो बघतो. विश्वास नसेल तर जे करणं फार महाग पडेल, ते करून दाखवणारा माणूस विश्वासार्ह वाटतो. अळिंबी खायला चांगली आहे म्हणणाऱ्याने आधी स्वतः खाऊन दाखवावी, असा तो हिशेब.

वारीत पायी चालणं, उपास, माळ घातल्यावर मांस सोडणं, ही सगळी अशीच मोजलेली किंमत आहे. गोरोबांची दुसरी प्रसिद्ध कथा याच गटातली. भजनात तल्लीन होऊन माती तुडवताना पोटचं लेकरू पायाखाली आलं, तरी भान नव्हतं. कीर्तनात ही कथा भक्तीच्या खरेपणाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून सांगतात.

पण या परीक्षेत एक भोक आहे. गप्प बसलं की पक्कं, हे एकदा सगळ्यांना कळलं की गप्प बसणं शिकता येतं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५०च्या दशकात माणसाचं रोजचं वागणं रंगमंचासारखं असतं अशी मांडणी केली, ती आठवा. परीक्षा जाहीर झाली की तिची तालीम सुरू होते. गोष्टीत नामदेवांच्या आधी ज्यांच्या डोक्यावर टोला बसला, त्यांना काय वाजवून बघतायत ते माहीत होतं. मुक्ताईने सगळ्यांसमोरच विचारलं होतं! कथाकाराला ही अडचण वाटत नाही, कारण त्याला संतांचं मोठेपण आधीच मान्य आहे. समीक्षकाला ती वाटली पाहिजे. तुमच्या प्रश्नावलीत ‘मी इतरांशी खरेपणाने वागतो: सहमत / असहमत’ असं विधान असेल तर तिथेही हेच भोक आहे. काय उत्तर चांगलं दिसतं ते भरणाऱ्याला आधीच कळलेलं असतं.

सोनं की मडकं?

माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तिच्या रूपकात आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

मराठीत खरेपणासाठी दोन मोठी रूपकं चालतात. एक सोन्याचं: बावनकशी, कसाला उतरणं, शंभर नंबरी. दुसरं मडक्याचं: कच्चा, पक्का, मुरलेला, भाजून निघालेला. ही दोन एकसारखी नाहीत. सोन्याचा कस सोन्यातच असतो. कसोटी तो फक्त उघड करते. हिणकस ते हिणकसच. मडक्याचं तसं नाही. कच्च्या आणि पक्क्या मडक्याची माती एकच. फरक आव्यातल्या आगीचा. आज कच्चं असलेलं मडकं उद्या पक्कं होऊ शकतं.

संतमंडळात परंपरेप्रमाणे नरहरी सोनारही आहेत. तरी परीक्षा सोनाराच्या कसोटीवर झाली नाही, कुंभाराच्या थापटण्याने झाली. म्हणून नामदेवांना ‘तू खोटा’ असं कोणी म्हणत नाही. ‘तू कच्चा’ म्हणतात. त्या एका शब्दात पुढचा रस्ता मोकळा राहतो. विसोबांकडे पाठवण्याला अर्थही त्यामुळेच येतो. परंपरा सांगते की हेच विसोबा पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांना छळणारे होते. म्हणजे भाजून बदललेल्या माणसाकडेच नामदेवांना पाठवलं.

सोन्याचं रूपक माणसाला लावलं की काय होतं, ते बघायला धाराशिवच्या शेजारी सोलापूर जिल्ह्यात जाऊ. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४च्या आत्मकथनाचं नाव ‘अक्करमाशी’. बारा मासे म्हणजे एक तोळा. अक्करमाशी म्हणजे अकरा माशांचा, एक मासा कमी भरलेला, आणि रूढीच्या भाषेत अनौरस. समाज इथे सोनाराचा तराजू घेऊन जन्म तोलतो आणि निकाल कायमचा देतो. आगीतून काढायची सोय नाही, कारण दोष मातीतच आहे असं ठरवून टाकलंय. लिंबाळ्यांनी तीच शिवी पुस्तकाच्या कपाळावर लावली आणि प्रश्न उलटा फिरवला: तोलणारे कोण?

‘अस्सल’ हा शब्द वापरताना आपण कुठलं रूपक वापरतोय, हे विचारायची सवय लावून घ्या. ‘अस्सल मराठा’, ‘अस्सल पुणेरी’, ‘अस्सल गावाकडचा’ यातला अस्सल बहुधा सोन्याचा असतो. शब्दाचा मूळ अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ, मुळाशी असलेलं. मूळ विचारता विचारता कूळ विचारायला फार वेळ लागत नाही.

निकाल कोणाच्या मूल्यांनी लागतो

प्रयोगांतून काय दिसतं? जॉर्ज न्यूमन, पॉल ब्लूम आणि जोशुआ नोब यांनी २०१४ मध्ये ‘खरा मी’ या कल्पनेवर अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना एखादा बदललेला माणूस दाखवायचा आणि विचारायचं, यात त्याचं खरं रूप कुठलं? उत्तर देणाऱ्याला जो बदल चांगला वाटतो, तोच त्याला त्या माणसाच्या खऱ्या रूपातून आलेला वाटतो. उत्तर देणाऱ्यांची राजकीय मतं वेगळी असली की ‘खरं रूप’ही वेगळं निघतं. थोडक्यात, ‘हाच खरा तो’ हे वाक्य वर्णनासारखं दिसतं, पण त्यात कौतुक मिसळलेलं असतं.

तेरच्या गोष्टीला हे तंतोतंत लागू पडतं. ज्याला मीपणा विरघळणं मोलाचं वाटतं त्याला शांत बसलेले संत खरे वाटतात. ज्याला स्वाभिमान मोलाचा वाटतो त्याला नामदेव. दोघंही एकच प्रसंग बघतात. म्हणून अस्सलपणावर संशोधन करणार असाल तर ‘कोण अस्सल’ या प्रश्नाआधी ‘कोणाच्या नजरेत’ हे लिहून ठेवा.

आणि वेगळेपणाचं काय?

हीजंग किम आणि हेझल मार्कस यांचा १९९९चा पेनांचा प्रयोग संशोधन पद्धतीच्या वर्गात बरेचदा सांगतात. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर प्रवाशांना पाच पेनं पुढे केली, त्यात एक रंग कमी आणि दुसरा जास्त. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांनी कमी असलेल्या रंगाचं पेन जास्त वेळा उचललं, पूर्व आशियाई प्रवाशांनी जास्त असलेल्या रंगाचं. निष्कर्ष असा की एका संस्कृतीत जे ‘वेगळेपण’ म्हणून मिरवलं जातं, तेच दुसरीकडे ‘फटकून वागणं’ ठरू शकतं. २०१०मध्ये हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन यांनी आणखी मोठा इशारा दिला: मानसशास्त्राचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही समाजांतल्या नमुन्यांवर उभे आहेत, ते सगळ्या माणसांना लावू नका.

हे वाचून लगेच ‘आपल्याकडे व्यक्तीला किंमत नाही, समूहालाच आहे’ असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. वारकरी परंपरेतला अभंग बघा. छंद सामायिक, विषय सामायिक, देव सामायिक, आणि शेवटच्या ओळीत कवीचं नाव. नामा, चोखा, जनी, तुका, सगळ्यांची नाममुद्रा आहे. शिंपी, महार, दासी, वाणी यांनी आपलं नाव ओळीत घातलं, यात केवढं वेगळेपण आहे! मॅरिलिन ब्रूअर यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं की माणसाला समूहात सामावणंही हवं असतं आणि वेगळं उठून दिसणंही, आणि तो या दोहोंत तोल शोधतो. नाममुद्रा म्हणजे तो तोल. घर सगळ्यांचं, उंबऱ्यावर नाव माझं.

पण इथेच खरेपणाचा प्रश्न परत आडवा येतो. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी २००८च्या नामदेवांवरील पुस्तकात दाखवलं की ‘नामा’ या नावाने अनेक शतकं अनेकांनी रचना केल्या. विष्णुदास नामा हे त्यातलं ठळक नाव. आजच्या भाषेत आपण याला बनावट म्हणू. परंपरेत ते तसं नव्हतं. कीर्तनकार नामदेवांची आठवण जिवंत ठेवत होता, आणि ती ठेवताना त्यांच्याच नावाने नवं गात होता. अभ्यासकाला मूळ नामदेव वेगळे काढायचे असतात; कीर्तनकाराला नामदेव चालू ठेवायचे असतात. दोघांची ‘खरे नामदेव’ ही कल्पनाच वेगळी. संपादकाचं काम निरर्थक आहे असं मी म्हणत नाही. कुठला अभंग कुठल्या शतकातला हे कळायलाच हवं. फक्त, उशिरा आलेला अभंग ‘खोटा’ म्हणून फेकून देऊ नका. तो उशिराच्या काळाचा खरा पुरावा असतो.

गोष्ट कुठे कमी पडते

कौतुक पुरे, आता दोन आक्षेप.

पहिला. या परीक्षेत एक मोठी गोष्ट आहे: थापटणं सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच पडतं. ब्राह्मण संन्याशाची मुलं असोत की शिंपी, आणि परीक्षक कुंभार. उतरंडीच्या समाजात हे लहान नाही. पण ही समता त्या अंगणापुरती राहते. चोखामेळ्यांचा विचार करा. ते संतमंडळात पक्के ठरले तरी पंढरीत देवळाबाहेरच राहिले. त्यांची समाधी आजही महाद्वाराच्या पायरीशी आहे. आतून खरं असल्याचा दाखला मिळाला म्हणून बाहेरचं दार उघडत नाही. खरेपणाचं मोल गाणारी संस्कृती त्या खरेपणाला हक्क देईलच असं नाही, ही बाब गोष्ट बोलत नाही.

दुसरा आक्षेप लेकराच्या कथेवर. गोरोबांच्या भक्तीची किंमत कोण मोजतं? लेकरू आणि त्याची आई. पुढे चमत्काराने मूल परत मिळतं, म्हणून ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण चमत्कार बाजूला काढा. एका माणसाच्या अस्सलपणाचा पुरावा दुसऱ्याच्या पदरातून दिला गेला, एवढंच उरतं. हेनरिक यांच्या मांडणीत किंमत मोजणारा आणि विश्वास मिळवणारा एकच असतो. इथे तसं नाही. ‘मी माझ्या ध्येयाशी प्रामाणिक आहे’ म्हणत घरच्यांना झिजवणारी माणसं आपल्या आजूबाजूला आहेत, संशोधनातही आहेत. कथेतली आई रागावते, शपथ घालते. माझ्या मते त्या कथेतलं सगळ्यात खणखणीत वाजणारं पात्र तीच आहे.

हे आपल्याला का लागू आहे

धाराशिव हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. त्यामुळे इथे सर्वेक्षणं येतात, अभ्यासगट येतात. आणि इथून बाहेर शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याकडून एक विचित्र अपेक्षा केली जाते. तू मराठवाड्याचा, मग दुष्काळावर बोल. तू गावाकडचा, मग बोलीत बोल, तेच अस्सल वाटतं. ग्रीक शोकांतिकेवर किंवा गणितातल्या संचावर काम करायचं म्हटलं तर भुवया उंचावतात: हे तुझं कसं? ही सोनाराची कसोटी आहे. तुझा कस तुझ्या गावात आहे, तो दाखव आणि बस. गंमत म्हणजे त्या अपेक्षेला पुरं पडायला विद्यार्थी आपला गावरानपणा जरा वाढवून दाखवायला लागतो. खरेपणाची मागणीच नाटकाला जन्म देते.

दुसरीकडे यंत्राची कसोटी आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा. नियम गरजेचा आहे. पण सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी मोजतं, विचार कोणाचा ते मोजत नाही. चार टक्के साम्य असलेला प्रबंधही बद्द वाजू शकतो. शब्द बदलून देणारी साधनं हाताशी आल्यापासून तर ही परीक्षाही गप्प बसण्यासारखी झाली आहे: तालीम करून पास होता येते.

मग मुलाखतीतल्या त्या प्रश्नाचं काय करायचं? ‘तुमचं स्वतःचं काय?’ याचं उत्तर मडक्याच्या रूपकात शोधा. माती सगळ्यांची आहे: आधीचे ग्रंथ, सामायिक संकल्पना, मार्गदर्शकाने सुचवलेला विषय. ती लपवू नका, संदर्भ द्या. तुमचं काय, तर तुम्ही ती कुठल्या आगीतून काढली. कुठला आक्षेप तुमच्या मांडणीवर घेऊन बघितला? कुठल्या पुराव्यापुढे तुमचं पहिलं मत टिकलं नाही? कोणाला वाचायला दिलं आणि त्याने काय मोडलं? या तिन्हींची उत्तरं तुमच्या टिपणवहीत तारखेसह असतील, तर वेगळेपणा मुद्दाम आणावा लागत नाही.

एक शेवटची नोंद. गोष्टीत पक्के ठरलेल्यांपैकी कितीजण पुढे किती लांब गेले, याचा हिशेब करा. कच्चे ठरलेले नामदेव परंपरेप्रमाणे पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांच्या नावाच्या ६१ रचना गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं, आणि जानेवारी २०२०मध्ये ते गोरोबांच्या जिल्ह्यात, धाराशिवला आलं. एका परीक्षेचा निकाल म्हणून ‘कच्चा’ ऐकावं लागलं तर काय करायचं, हे तेरच्या अंगणातून निघून गेलेल्या माणसाने करून दाखवलंय: आधी तक्रार केली, मग उठून गुरू शोधायला गेला.